जुने चामडे आणि नवे सोवळे

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या परिचयाच्या एका देवस्थानच्या अग्रशाळेत साफसफाई निघाली, तेव्हा जिन्याखालून एक जुनी सायकल बाहेर आली. त्या देवळात आयुष्यभर पखवाज वाजवून काही वर्षांमागे निवर्तलेल्या एका गृहस्थांची ती सायकल. घरच्यांनी ती देवस्थानच्या उपयोगी पडावी म्हणून आणून दिली होती. सांगाडा शाबूत होता, चाके बदलण्यासारखी होती, आणि वर इंग्लंडात घडलेली चामड्याची सीट होती. अग्रशाळेत राहून शिकणाऱ्या एका मुलास ती सायकल द्यावी, यावर समितीचे एकमत झाले. तंटा उभा राहिला तो सीटवरून. एक सभासद म्हणाले, चामडे आहे, देवळाच्या आवारात नको. दुसरे म्हणाले, दुसऱ्याच्या अंगाखालची वस्तू, मुलास कशी द्यावी? तिसरे व्यवहारी होते. ते म्हणाले, बाजारात फोमची सीट थोडक्या पैशांत मिळते, मग हा उपद्व्याप हवा कशाला? सीट उकिरड्यावर जायची, ती आम्ही निकाल लागेपर्यंत मागून घेतली. तिची वकीलपत्रे कोणी घेणार नाही, म्हणून ती आम्हीच घेत आहोत.

पहिला आक्षेप धर्माचा आहे, म्हणून त्याचा विचार आधी केला पाहिजे. चामडे स्वभावतःच अशुद्ध आहे, असे ज्यांस वाटते त्यांनी मनुस्मृतीचा पाचवा अध्याय उघडून पाहावा. द्रव्यशुद्धीच्या प्रकरणात चामड्याची शुद्धी वस्त्रासारखीच करावी असे तेथे सांगितले आहे. जी वस्तू शुद्ध होऊ शकते ती मुळात त्याज्य कशी ठरेल? गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याचे आसन वर्णिले आहे. त्यात दर्भ आणि वस्त्र यांच्याबरोबर अजिन, म्हणजे कातडेच, आहे. ध्यानास बसणाऱ्यास जे चालते ते शाळेस जाणाऱ्यास चालू नये काय?

पण आम्हांस शास्त्रार्थाहून प्रत्यक्ष प्रमाण अधिक बळकट वाटते, आणि ते सभामंडपातच टांगलेले आहे. ज्या पखवाजावर त्या गृहस्थांनी जन्मभर देवाची सेवा केली, त्याची दोन्ही तोंडे बकऱ्याच्या कातड्याची, आणि ती ताणून धरणाऱ्या वाद्याही चामड्याच्याच. चतुर्थीत आरतीला घुमट वाजतो. त्याच्या तोंडाला पूर्वी घोरपडीचे कातडे असे. वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा आल्यावर त्याच्या जागी बकऱ्याचे आले. २०१९ मध्ये गोवा सरकारने या घुमटास वारसावाद्य म्हणून घोषित केले, तेव्हा आम्हां सर्वांस अभिमानच वाटला. सीट तर देवळाच्या पायरीशीही येणार नाही. सायकलीबरोबर ती फाटकापाशी उभी राहील. पखवाज मात्र गर्भगृहासमोर येतो. जे आत चालते ते बाहेर बाटते, हा कोणता न्याय?

यावर कोणी म्हणेल की, पखवाजाचे कातडे बकऱ्याचे, सीटचे गाईचे. हा भेद खरा आहे आणि तो आम्ही लपवीत नाही. ज्याचे मन गाईचे नवे चामडे विकत घेण्यास धजत नाही, त्याने ते घेऊ नये. त्याच्या भावनेपुढे आम्ही नम्र आहोत. पण येथे कोणी काही विकत घेत नाही. ते जनावर कित्येक दशकांपूर्वीच गेले. सीट उकिरड्यावर टाकल्याने ते परत येणार नाही. उलट त्याच्या देहाचे जे एवढे टिकले तेही मातीमोल होईल. अशा फेकण्यास अहिंसा म्हणणे म्हणजे ऋण बुडवून सावकारास नमस्कार करण्यासारखे आहे.

दुसरा आक्षेप वापरलेपणाचा. समई आजीची चालते, पालखीचा दांडा पणजोबांच्या खांद्यावरचा चालतो, मग सीटच का अडते? या आक्षेपात एक गोष्ट मात्र खरी आहे, आणि ती मान्य केली पाहिजे. चामड्याची सीट बसणाऱ्याच्या हाडांप्रमाणे हळूहळू घडत जाते. एकाला घडलेली दुसऱ्यास सोसेलच असे नाही. याचा निर्णय वादाने होत नाही. मुलाने आठ-पंधरा दिवस बसून पाहावे. रुतली तर ती दुसऱ्या कोणास द्यावी.

तिसरा आक्षेप स्वस्ताईचा, आणि आजच्या काळात तोच सर्वांत घातक. ही सीट ज्या ब्रुक्स नावाच्या कारखान्याची आहे, तो १८६६ मध्ये बर्मिंगहॅम येथे घोड्यांचे चामडी साज करणाऱ्या जॉन बोल्टबी ब्रुक्स यांनी काढला. सायकलच्या सीटचे पेटंट त्यांनी १८८२ मध्ये घेतले. तिची रचना आजही तीच आहे. जाड चामड्याचा एकच तुकडा पुढच्या नाकापासून मागच्या लोखंडी पट्टीपर्यंत झोळीसारखा ताणून रिबिटांनी ठोकलेला असतो. सैल पडला तर नाकाखालचा बोल्ट फिरवून पुन्हा ताणता येतो. फोमच्या सीटचे वरचे कापड फाटले की पाणी आत शिरते, आणि मग ती फेकण्यावाचून गत्यंतर नसते. एक दुरुस्त होते, दुसरी बदलावी लागते. स्वस्त कोणती?

योगायोगाने त्याच १८८२ साली आपल्या देशात न्यासांचा कायदा झाला. विश्वस्ताने न्यासाची मालमत्ता, एखादा शहाणा माणूस स्वतःची जपतो तितक्याच काळजीने जपावी, असे त्याचे पंधरावे कलम सांगते. धार्मिक देणग्यांस तो कायदा लागू नाही, हे आम्ही जाणतो; पण शहाणपण लागू करण्यास कायद्याची अनुज्ञा लागत नाही. दान घेतलेली वस्तू न तपासता फेकणे हा विश्वस्ताचा धर्म नव्हे.

म्हणून आम्ही तिची तपासणी केली. चामडे रिबिटांपाशी फाटलेले असते, किंवा तडा आरपार गेलेला असता, तर आम्हीच ती टाकण्याचा निकाल दिला असता. मेलेल्यास औषध नसते. पण रिबिटे घट्ट होती. वर केसासारख्या रेषा होत्या, त्या आरपार नव्हत्या. पोट खचले होते, कडा बाहेर फाकल्या होत्या आणि खालच्या अंगास बुरशी होती. बुरशी कोरड्या फडक्याने पुसून सीट सावलीत वाळविली. उन्हात ठेवली असती तर चामडे तडकले असते. त्या कंपनीच्या मलमात चरबी असते, म्हणून आम्ही मधमाशीच्या मेणाचे साधे मलम घेतले आणि वरून व खालून अगदी पातळ हात फिरविला. तेलात न्हाऊ घातले तर चामडे मऊ होऊन अधिकच खचते. बोल्ट गंजला होता. तो सोडवून फक्त पाव फेरा दिला, कारण अधिक ताणल्यास रिबिटांपाशी फाटते. पुढे पावसात वर आच्छादन घालावे, पण रात्री ते काढावे. कोंडलेल्या ओलीने आपल्या कोकणी हवेत बुरशी पुन्हा येते. भिजलेल्या सीटवर मात्र बसू नये.

फाकलेल्या कडा आमच्याने जमल्या नाहीत. त्यांसाठी आम्ही बाजारातील एका वृद्ध चर्मकाराकडे गेलो. मूळचे ते निपाणीकडील. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याच्या कोल्हापुरी चपला त्यांच्या घरी पिढ्यान्पिढ्या होत आल्या. २०१९ मध्ये त्या चपलांस भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव धरून कर्नाटकाचेही चार आहेत. त्यांनी सीट हातात घेऊन अंगठ्याने दाबली आणि ‘हेही सालीतच कमावलेलं आहे’ म्हणून ओळख पटविली. दोन्ही कडांना भोके पाडून, खालून दोरी ओवून त्यांनी त्या आवळल्या. पैसे देताना सीट कोठे जाणार ते आम्ही सांगितले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘साहेब, देवळात चालेल ना?’

त्या प्रश्नाने आम्ही खजील झालो. घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता १९५० मध्येच नाहीशी केली. मग सत्तरीच्या माणसाच्या तोंडी हा प्रश्न कोठून आला? तो आमच्या समितीतल्या पहिल्या आक्षेपातूनच आला. चामड्याचा विटाळ मानणारा, त्या चामड्यास हात लावणाऱ्यापाशी जाऊन थांबत नाही, असे आजवर कधी घडले आहे काय? पखवाजाला पुडी चढविणारे हात हवेत, पण ते कोणाचे हे विचारावयाचे नाही, असे हे सोवळे आहे. सीट हे त्याचे निमित्त.

समितीची बैठक येत्या एकादशीनंतर आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे: चामडे खरोखरच बाटवीत असेल तर आधी सभामंडपातला पखवाज उतरवा. तो उतरविण्याची छाती नसेल, आणि ती नसावीच, तर सीट सायकलीवर चढवा. आणि ती चढेल त्या दिवशी त्या वृद्धास महाप्रसादास बोलवा. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर पंगतीतच देता येईल.