शस्त्रक्रियेनंतरचा सोबती

“शस्त्रक्रिया सुरळीत पार पडली,” असें डॉक्टरांनीं सांगितलें कीं आप्तेष्ट सुटकेचा निःश्वास टाकतात आणि गांवची वाट धरतात. रोग्याची खरी कसोटी मात्र तेथूनच सुरू होते. पोटावर टांके असतां खोकला आला तर पोटाशीं उशी धरावी लागते. डॉक्टरांनीं मुभा देतांच कोणाच्या तरी खांद्याच्या आधारानें चार पावलें चालावें लागतें, नाहीं तर पायांतील रक्त गोठण्याची भीति असते. हें एकट्याच्यानें होत नाहीं.

आपल्या जामखेडांत डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं १९७० सालीं ग्रामीण आरोग्यप्रकल्प सुरू केला. त्यांनीं खेड्यांतील स्त्रियांना आरोग्यसेवेचें शिक्षण दिलें; त्यांपैकीं कित्येक निरक्षर होत्या. यांत मोठें शहाणपण होतें असें मला वाटतें. डॉक्टर रोज घरीं येऊं शकत नाहीं. शेजारीण येऊं शकते.

भेटीस येणाऱ्यांविषयीं मात्र स्पष्ट बोललें पाहिजे. खाटेभोवतीं दहा जण बसतात आणि अमका कसा दगावला तें रंगवून सांगतात. चहा पुन्हा रोग्याच्याच घरचा! विद्यार्थिमित्रहो, शेजारीं असा रोगी असेल तर हात साबणानें धुऊन जा. औषधांच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीस लावा. जखम लाल झाली, पू आला किंवा ताप चढला, तर घरच्यांना तत्काळ दवाखान्यांत जावयास सांगा. आणि सायंकाळीं त्याला अंगणाच्या टोकापर्यंत हळूहळू नेऊन परत आणा.