मटण कमी करणं म्हणजे शरणागती नव्हे

दावतीत ताटात भाजी वाढून घेणाऱ्या तरुणाला आपल्याकडे ठरलेला टोमणा मिळतो. "काय, घासफूस सुरू केलंस का? त्यांच्यात गेलास की काय?" पहिला प्रश्न थट्टेचा आहे, तो हसून सोडून देता येईल. दुसऱ्यावर मात्र बोलायला हवं. 'त्यांच्यात' म्हणजे नेमकं कोणात? दुधी, पालक आणि मसुराची डाळ त्यांची कधीपासून झाली?

हा टोमणा कुठून आला ते मला कळतं. गोहत्येवर महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्यापासून बंदी होतीच. मार्च २०१५ मध्ये दुरुस्तीला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि बैल, वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद. परराज्यातून आणलेलं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केलं, पण तोवर 'तुमच्या फ्रीजमध्ये काय आहे' हा प्रश्न विचारण्याचा हक्क अनेकांनी स्वतःकडे घेऊन टाकला होता. कुरेशी बिरादरीतल्या कित्येकांचा धंदा बसला. २०२५ च्या स्वातंत्र्यदिनी कल्याण-डोंबिवली महापालिकेने मांसविक्री बंद ठेवण्याचा आदेश काढला, म्हणजे स्वातंत्र्य साजरं कसं करायचं तर दुकान बंद ठेवून. भाड्याने फ्लॅट बघायला जा, दलालाचा पहिला प्रश्न 'नॉनव्हेज खाता का' हाच असतो, आणि त्या प्रश्नाचा खरा अर्थ त्यालाही माहीत असतो आणि आपल्यालाही.

एवढं सगळं अंगावर आल्यावर ताट हे ओळखपत्र होऊन बसलं, यात नवल नाही. पण त्याचा एक परिणाम असा झाला की आपल्या ताटाबद्दल आपणच काही बोलायचं नाही, अशी अलिखित बंदी आपण स्वतःवर घालून घेतली. डॉक्टर म्हणाले 'मटण कमी करा' तरी घरात कुजबुज होते की डॉक्टरचं आडनाव काय आहे. माझं म्हणणं सरळ आहे. सरकारने माझ्या ताटातून मांस उचलून नेणं आणि मी माझ्या हाताने ते कमी वाढून घेणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला विरोध करायचा आणि दुसरी करायची, हे एकाच माणसाला एकाच दिवशी जमू शकतं. उलट, समोरच्याने बंदी घातली म्हणून मी दुप्पट खाणार, असं म्हणणारा माणूस आपलं ताट त्या समोरच्यालाच ठरवू देतो.

आता 'आपलं खाणं' म्हणजे काय ते पाहू. रोज दोन्ही वेळा मांस, हे आपल्या आजी-आजोबांचं खाणं नव्हतं. रायगड-रत्नागिरीतल्या कोकणी मुसलमान घरात तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, नारळाचं कालवण आणि मिळेल ती मासळी असायची. मांदेली, बांगडा, पावसाळ्यात सुकट. मटण सणाला आणि पाहुण्याला. मराठवाड्यात ज्वारीची भाकरी आणि खट्टी डाळ. आणि जेव्हा गोश्त शिजायचं तेव्हासुद्धा ते एकटं शिजत नसे. नावंच बघा: पालक-गोश्त, तुरई-गोश्त, आलू-गोश्त, अंबाड्याच्या भाजीतलं गोश्त. दालचा म्हणजे हरभऱ्याची डाळ, दुधी, चिंच आणि चवीपुरती हाडं. मोहरमचा खिचडा म्हणजे गहू आणि चार डाळींत घोटलेलं थोडं मांस, आणि त्यावर अख्खी गल्ली जेवायची. आपल्या आजीला थोडं गोश्त पुष्कळ माणसांना कसं पुरवायचं याचं शास्त्र ठाऊक होतं. तिने त्याला डाएट म्हटलं नाही एवढंच.

मग काय झालं? ब्रॉयलर कोंबडी स्वस्त झाली, आखातातून आणि नोकऱ्यांतून थोडा पैसा आला, आणि सालनातून भाजी गायब झाली. गरिबीची आठवण करून देणारी म्हणून पहिल्यांदा डाळ गेली, मग दुधी गेला. आज जोडनावातलं फक्त 'गोश्त' उरलंय. आणि ज्याला आपण परंपरा म्हणून छातीला कवटाळतो ते चिकन सिक्स्टी फाइव्ह, शवर्मा आणि मेयोनीज आहे. यातलं आजोबांनी काय खाल्लं होतं?

आजोबांचं आणखी एक होतं. ते शेतात, होडीवर, हातमागावर किंवा गोदीत राबायचे. मी आणि तुमच्यातले बरेच जण दिवसाचे नऊ तास खुर्चीत बसतो आणि रात्री साडेअकराला ॲपवरून बिर्याणी मागवतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत देशात दहा कोटींवर मधुमेही आणि तेरा कोटींवर उंबरठ्यावरचे, असा अंदाज आहे. हृदयविकारावरच्या एका बहुराष्ट्रीय अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका जगातल्या इतरांपेक्षा सरासरी सहाएक वर्षं आधी, म्हणजे त्रेपन्नच्या आसपास येत असल्याचं दिसलं. हे आकडे सगळ्या भारतीयांचे आहेत, आपले वेगळे नाहीत. शुद्ध शाकाहारी मिठाईवालासुद्धा त्यात आहे. त्यामुळे सगळं खापर मटणावर फोडणंही खोटं ठरेल. मैद्याचा नान, वनस्पती तूप, साखर आणि तीनदा तापवलेलं तेल हे गुन्ह्यात बरोबरीचे भागीदार आहेत.

एका गोष्टीत मात्र सवलत नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे सॉसेज, सलामी, तत्सम पदार्थ, कर्करोगाला निश्चितपणे कारणीभूत गटात घातलं. रोजच्या ५० ग्रॅममागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असं त्यांचं म्हणणं. साधं लाल मांस 'बहुधा कारणीभूत' गटात आहे. आपल्या मोहल्ल्यांतल्या फ्रोझनच्या दुकानांत आज चिकन सॉसेज, सलामी आणि नगेट्सची रांग लागलेली असते, सगळ्यांवर हलालचा शिक्का. पोरांच्या डब्यात तेच जातं. जनावर कसं कापलं ते तो शिक्का सांगतो. त्यात मीठ किती, नायट्राइट घातलंय का, हे पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात असतं आणि ते कोणी वाचत नाही. कुरआनमध्ये 'हलाल' शब्दाच्या शेजारी 'तय्यब' हाही शब्द आहे. तय्यब म्हणजे चांगलं, निर्मळ. आपण अर्धी अट पाळतो आणि निश्चिंत होतो.

रमजानचं तर विचारू नका. चौदा तास उपाशी राहून जे कमावलं ते मगरिबच्या अजानीनंतर वीस मिनिटांत घालवायचं. भजी, समोसे, कबाब, वर लाल सरबत. महिना संपता संपता वजन वाढलेलं. कोलाच्या २५० मिलीच्या बाटलीत साधारण २६ ग्रॅम साखर असते. दिवसभरात वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. म्हणजे पहिल्या घोटापासून शेवटच्या घोटापर्यंत दिवसाचा कोटा संपला, मालपुवा अजून यायचाय. मोहम्मद अली रोडला एक रात्र जावं, मजा करावी, मला त्याचा आनंदच आहे. प्रश्न त्या एका रात्रीचा नसून घरातल्या उरलेल्या एकोणतीस रात्रींचा आहे. खजूर, पाणी, फळं, मोड आलेले हरभरे, मग नमाज, मग जेवण. यात कोणता मजहब बुडतो? आणि त्या सगळ्या तळणाचं तेल नीट बघा. तापवून तापवून त्यातले ध्रुवीय घटक २५ टक्क्यांवर गेले की ते वापरू नये, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. चौकातल्या कढईला तो कोणी सांगितलेला नाही.

दीनच्या नावाने होणारा युक्तिवादही तपासू. मांस हलाल आहे, प्रेषितांनी (स.) ते आवडीने खाल्लं, हे खरंच आहे. पण हजरत आयशा (रजि.) यांच्या कथनानुसार त्यांच्या घरात महिना-दोन महिने चूल पेटत नसे, खजूर आणि पाण्यावर दिवस निघत. हेही बुखारी-मुस्लिममध्येच आहे. इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'त हजरत उमर (रजि.) मांसाच्या सवयीची तुलना दारूच्या सवयीशी करून सावध करतात. तिथेच दुसरी हकिकत आहे. हजरत जाबिर (रजि.) मांस घेऊन चाललेले दिसले तेव्हा उमर यांनी विचारलं की हे काय. जाबिर म्हणाले, खावंसं वाटलं म्हणून घेतलं. त्यावर उमर यांचा सवाल असा होता की शेजाऱ्यासाठी किंवा चुलतभावासाठी आपलं पोट थोडं आवरावं असं तुम्हांला वाटत नाही का?

शेजाऱ्याचा हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण 'मांस कमी खा' हा उपदेश सगळ्यांना सारखा लागू होत नाही. हे न सांगता भाषण ठोकणाऱ्या आहारतज्ज्ञांवर माझा राग आहे. ज्या मजुराला बड्याचं मांस हे परवडणारं एकमेव प्रथिन होतं आणि बंदीने तेही महाग झालं, त्याला कमी खा कोणत्या तोंडाने सांगणार? आणि घरातली बाई? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. मांसातलं लोह शरीराला पालेभाजीतल्या लोहापेक्षा सहज मिळतं. आता आपल्या दस्तरख्वानावर आठवून बघा: आधी पुरुष बसतात, बोट्या वेचल्या जातात, मग मुलगे, आणि शेवटी अम्मी-भाभीच्या वाट्याला रस्सा आणि बटाटा. इफ्तारच्या वेळी कढईसमोर उभ्या राहणाऱ्याही त्याच. ज्याला गरज कमी त्याच्या ताटात चार बोट्या आणि जिचं हिमोग्लोबिन नऊ तिला हाड चोखायला. तेव्हा कमी कोणी खायचं, तर तुम्ही आणि मी. तिने नाही.

'मग प्रथिनं कुठून?' हा जिममधल्या दोस्तांचा लाडका सवाल. साठ किलोच्या निरोगी माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम पुरतात. शंभर ग्रॅम कच्च्या मटणात २० ग्रॅमच्या आसपास, शंभर ग्रॅम कोरड्या मसुरात त्याहून थोडी जास्तच. अंडी आहेत, दही आहे, चणे आहेत, कोकणातल्यांना मासळी आहे. आठवड्यातून दोन दिवस मटण-चिकन, बाकी दिवस डाळ, भाजी, मासे, अंडी, एवढ्यावर स्नायू गळून पडत नाहीत. शीरखुर्म्यातही आधीच खजूर असतो. साखर निम्मी केली तर पाहुण्याला कळत नाही, करून बघा.

बकरी ईदचंही थोडं. मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत पोहोचत नाही, पोहोचते ती तुमची तकवा, असा सूरह हजचा आशय आपण दर वर्षी खुतब्यात ऐकतो आणि दुपारी डीप फ्रीझर भरतो. मदिनेत एका वर्षी गरजू लोक आले तेव्हा कुरबानीचं गोश्त तीन दिवसांपलीकडे साठवू नका असं सांगितलं गेलं होतं. पुढे मुभा मिळाली, हे खरं. पण ती आधीची मनाई कशासाठी होती हे विसरायला ती मुभा नव्हती. आपल्या शहरांत आज गरजू कमी आहेत का? तिसरा हिस्सा नातेवाइकांत फिरून आपल्याच फ्रीझरमध्ये परत येतो, मग महिनाभर नाश्त्यालाही कलेजी. ते ज्या वस्तीत वर्षभर बोटी दिसत नाही तिथे जाऊ द्या.

राहता राहिला वलीमा. बिर्याणी, कोरमा, तंदुरी, चिकनचे तीन प्रकार, आणि भाजी म्हणून कांद्याच्या चार चकत्या. अर्ध्या बोट्या कचऱ्याच्या डब्यात. हे सगळं 'लोक काय म्हणतील' या एका भीतीपोटी, आणि बहुतेक वेळा मुलीच्या बापाच्या किंवा स्वतःच्या कर्जातून. पुढच्या दोन-तीन वर्षांत तुमच्यातल्या अनेकांचे निकाह आहेत. बावर्ची ॲडव्हान्स घ्यायला येईल तेव्हा मोठ्यांच्या शेजारी तुम्हीही बसा. एक गोश्ताचा पदार्थ, सोबत बगारा खाना, दालचा आणि एक चांगली भाजी सांगा. दालचा त्याला येतोच, कोणी सांगत नाही म्हणून तो करत नाही.