शिक्क्याची पारख कोण करणार?

दिवाळीच्या सुटीत माझा भाचा नागपूरहून कामठ्याला आला, तेव्हा घरी हलक्या धानाची चुरणी नुकतीच आटोपली होती. ओसरीत चुंगड्यांची थप्पी लागली होती आणि घरातल्या मोठ्यांच्या डोक्यात एकच विचार होता, केंद्रावर ओलावा किती निघेल? भाच्याला त्याचे काही नव्हते. त्याने पिशवीतून अगदी जपून एक जाड, पारदर्शक प्लॅस्टिकची डबी काढली. आत पत्त्याएवढे रंगीत कार्ड, 'पोकेमॉन'मधल्या चारिझार्ड या आग ओकणाऱ्या प्राण्याचे. डबीच्या माथ्यावर लेबल, त्यावर एक लांबलचक क्रमांक आणि '१०' हा आकडा.

"मामा, सात हजारांचे आहे," तो म्हणाला. "नुसत्या कार्डाला एवढे कोणी देत नाही. दहा नंबर आहे म्हणून."

सात हजार म्हणजे आमच्याकडचे जवळजवळ तीन क्विंटल धान. मी डबी उलटसुलट करून पाहिली. मला तरी त्यात कागदाच्या तुकड्याखेरीज काही दिसले नाही.

कार्डे जमवणे आपल्याला नवे नाही. नव्वदच्या दशकात 'बिगफन' च्युइंगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रे मिळत आणि ती मिळवण्यासाठी पोरे नको तेवढे च्युइंगम चघळत. पण त्या चित्रांची किंमत गल्लीत ठरे. कोपरा दुमडलेला सचिनही सचिनच असे. आता तसे राहिलेले नाही. आता कार्ड तज्ज्ञाकडे जाते आणि गुण घेऊन परत येते.

या व्यवसायातली आज सर्वांत ठळक असलेली 'पीएसए' ही कंपनी अमेरिकेत १९९१ साली सुरू झाली. तिचे संस्थापक डेव्हिड हॉल यांनी १९८६ साली हीच पद्धत नाण्यांसाठी रूढ केली होती. कार्डाचे चार कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र चौकटीच्या किती मध्यभागी आहे, हे पाहून १ ते १० असा दर्जा दिला जातो. मग कार्ड डबीत कायमचे बंद होते. लेबलावरचा क्रमांक कंपनीच्या नोंदीत असतो. पाहिल्याशिवाय, दुरून खरेदी करणाऱ्याला हा मोठाच आधार आहे आणि ही गरज खोटी नाही. २०२२ साली मिकी मँटल या बेसबॉलपटूचे १९५२ सालचे कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले. 'एसजीसी' या दुसऱ्या कंपनीने त्याला ९.५ दर्जा दिला होता. एवढा पैसा जिथे फिरतो, तिथे कोणीतरी पारखी हवाच.

पण पारख्याची पारख कोणी करायची? पीएसएने दर्जा दिलेले अगदी पहिले कार्ड होनस वॅग्नर या जुन्या खेळाडूचे होते. ते विसाव्या शतकाच्या आरंभी सिगारेटच्या पाकिटातून निघालेल्या मालिकेतले. त्याला ८ दर्जा मिळाला आणि २००७ साली ते २८ लाख डॉलरना विकले गेले. पुढे २०१३ साली, हे कार्ड पूर्वी ज्याच्या हातात होते त्या बिल मास्ट्रो या लिलावकाराने न्यायालयात कबुली दिली, की त्याच्या कडा आपण कापून सरळ केल्या होत्या. कापलेल्या कार्डाला दर्जाच मिळू नये, असा या धंद्याचा नियम. तो पहिल्याच कार्डाला हुकला होता!

चूक माणसाच्या हातून होते. मला अधिक खटकते ती पैशाची रचना. कार्ड तपासून घेण्याचे पैसे कार्डाचा मालक देतो आणि कार्ड जितके किमती, तितके शुल्क जास्त. कार्डाची किंमत तर दर्जावरच अवलंबून. म्हणजे ज्याने गुण द्यायचे, त्याची फीसुद्धा गुणांबरोबर वाढू शकते. यात कोणी लबाडी करतेच, असे मी म्हणत नाही. पण २००८ सालच्या जागतिक मंदीत हेच तर दिसले होते. कर्जरोखे काढणाऱ्यांकडून फी घेणाऱ्या मानांकन संस्थांनी ज्या रोख्यांना सर्वोच्च श्रेणी दिली, त्यांतले कित्येक मातीमोल ठरले. शिवाय ९ आणि १० यांत फरक डोळ्यांना दिसेल न दिसेल एवढा. बाजारात मात्र तो कित्येक पटींचा होऊ शकतो. त्यामुळे डबी फोडून तेच कार्ड पुन्हा पाठवणारे आणि या खेपेला वरचा दर्जा मिळेल म्हणून वाट पाहणारेही आहेत. कार्ड तेच, बदलतो तो आकडा.

हे सगळे ऐकताना माझी नजर ओसरीतल्या चुंगड्यांकडे जात होती. दर्जा आणि लेबल आम्हालाही नवे नाही. सरकारी खरेदीत धानाच्या दोन प्रती आहेत, 'अ' आणि साधारण. दाण्याची लांबी रुंदीच्या अडीच पट किंवा त्याहून जास्त असेल तर 'अ', नाहीतर साधारण. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये, 'अ' प्रतीचा २,३८९. फरक फक्त वीस रुपयांचा! ओलावा सतरा टक्क्यांच्या आत हवा. आमच्या भागातल्या चिन्नोर तांदळाचा घमघमाट शेजारच्या घरात जातो, पण त्या वासाला या दोन प्रतींत कुठेच जागा नाही. दर्जा जे मोजतो तेवढेच सांगतो, ही गोष्ट धान पिकवणाऱ्याला कोणी शिकवावी लागत नाही. केंद्रावर घेणारा आणि मोजणारा एकाच बाजूचा असतो, ही तिथली उणीव. पण ओलाव्याचा आकडा आमच्या डोळ्यांदेखत उमटतो आणि तिथल्या तिथे तोंड उघडता येते.

तिसरे उदाहरण प्रत्येक घराच्या कपाटात आहे. सोन्याच्या दागिन्यावर भारतीय मानक ब्यूरोचे हॉलमार्क २००० सालापासून मिळू लागले. १६ जून २०२१ पासून ते टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांच्या ओळख क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. तपासणी केंद्राचे शुल्क नगामागे ठरलेले असते. दागिना जड म्हणून फी वाढत नाही. शुद्धता कमी निघाली तर त्या तुटीच्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च ग्राहकाला मिळावा, असा नियम आहे. कार्डाच्या कंपन्याही चुकीची भरपाई देऊ करतात. पण चूक झाली की नाही, हे ठरवणार तीच कंपनी. हॉलमार्कमागे कायदा उभा आहे, कार्डाच्या लेबलामागे फक्त बाजारातली पत. व्यवस्था कागदावर चांगली म्हणून व्यवहार चोख होतोच असे नाही, हे खरे. पण दाद कुठे मागायची, एवढे तरी ठाऊक असते.

म्हणून घरात कोणतीही शिक्का मारलेली वस्तू येताना तीन प्रश्न विचारावेत, असे मला वाटते. या शिक्क्याने नेमके काय मोजले? मोजणाऱ्याला पैसे कोणी दिले? आणि चूक निघाली तर भरून कोण देणार? कार्ड असो, अंगठी असो की शाळेच्या जाहिरातीतली 'श्रेणी', प्रश्न बदलत नाहीत.

त्या रात्री भाच्याने आणि मी मोबाइलवर कंपनीच्या नोंदीत डबीवरचा क्रमांक शोधला. क्रमांक खरा निघाला. नोंदीतले छायाचित्रही चारिझार्डचेच होते. भाच्याचा चेहरा खुलला. पण त्याने दोन्ही शेजारी धरून पाहिले आणि तो गप्प झाला. छायाचित्रातल्या कार्डाची डावी पांढरी कड उजवीइतकीच होती. त्याच्या हातातल्या कार्डाची डावी कड स्पष्टच जाड होती. कोणीतरी खऱ्या कार्डाचा क्रमांक उचलून दुसऱ्याच डबीवर छापला होता. विकणाऱ्याचा फोन लागेना. सात हजार गेले. वाढदिवसांचे आणि भाऊबिजेचे साठवलेले पैसे होते ते.

मला राहून राहून वाटले ते एवढेच, की हा फरक त्या पोराने स्वतःच्या डोळ्यांनी ओळखला. जाड कड त्याला पहिल्या दिवशीही दिसली असती. पण '१०' वाचल्यावर त्याने कार्डाकडे पाहिलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही धान घेऊन केंद्रावर निघालो, तेव्हा तो न सांगता ट्रॅक्टरवर चढला. ओलाव्याच्या यंत्रात दाणे टाकले, तेव्हा सगळ्यांत पुढे वाकून आकडा वाचणारा तोच होता.