खरखरीवर नवा संगणक हे औषध नव्हे

घरच्या घरी गाणं ध्वनिमुद्रित करणं आता फार खर्चाचं राहिलेलं नाही. लॅपटॉप, एक ऑडिओ इंटरफेस, माइक आणि हेडफोन एवढ्यावर भजनी मंडळाची ध्वनिफीत होते, गणपतीचं गाणं होतं, पुस्तकवाचनही होतं. पण हे करणाऱ्या बहुतेकांना एक व्याधी कधी ना कधी जडतेच. गाणं वाजता वाजता मध्येच ‘टक्’ होतं, सूर तुटतो, खरखर येते. कधी तर गायक ऐन रंगात असताना सॉफ्टवेअरच बंद पडतं. मग संगणक दुकानात जातो आणि तिथे दोन ठरलेल्या गोळ्या मिळतात: ‘फॉरमॅट मारू’ किंवा ‘रॅम वाढवा, नाहीतर नवीनच घ्या’. निदान न करता दिलेली ही औषधं आहेत. पहिलं तर रोगाचा पुरावाच पुसून टाकतं आणि दुसऱ्यासाठी घरातले पन्नास-साठ हजार रुपये सहज जातात.

मुळात होतं काय ते पाहू. ध्वनिमुद्रणात आवाजाचे सेकंदाला साधारण ४८,००० नमुने घेतले जातात. संगणक ते एकेक करून पोहोचवत नाही, तर छोट्या भांड्यात भरून पाठवतो. या भांड्याला बफर म्हणतात. बफर २५६ नमुन्यांचा असेल तर एक भांडं भरायला मिळतात जेमतेम ५.३ मिलिसेकंद. तेवढ्यात सगळे ट्रॅक, त्यांवरचे रिव्हर्बसारखे परिणाम, सगळ्यांचा हिशेब करून भांडं पुढे सरकवायचं. एकदा जरी उशीर झाला तरी पुढे रिकामं भांडं जातं आणि कानाला ‘टक्’ ऐकू येतं.

म्हणजे प्रश्न एकूण ताकदीचा कमी आणि वेळेवर हजर राहण्याचा जास्त आहे. पंगतीत शंभर माणसांचा भात तयार असला, पण वाढपी दारात कुणाशी बोलत उभा राहिला, तर पान रिकामंच राहणार. प्रोसेसरवर जेमतेम ३० टक्के भार दिसत असताना आवाज तुटतो तो यामुळेच. दारात अडवणारा बहुधा भलताच कुणी असतो: वायफायचा ड्रायव्हर, ग्राफिक्सचा ड्रायव्हर, बॅटरी वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग खालीवर करणारी सोय. नवा महागडा लॅपटॉप आणला तरी ही मंडळी त्यातही असतातच.

जुलै १९९७मध्ये मंगळावर उतरलेल्या ‘पाथफाइंडर’ यानाचा संगणक उतरल्यावर काही दिवसांनी आपोआप पुन्हापुन्हा सुरू होऊ लागला. तो कमकुवत होता म्हणून नव्हे. हवामानाची माहिती गोळा करणारं एक कमी महत्त्वाचं काम सामायिक साधन धरून बसायचं, मधल्या महत्त्वाची कामं त्याला पुढे सरकू द्यायची नाहीत आणि सर्वांत महत्त्वाचं काम ताटकळत राहायचं. वेळ चुकली की यंत्रणा सगळंच नव्याने सुरू करायची. अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या जुळ्या संगणकावर तोच बिघाड घडवून आणला, नोंदी तपासल्या आणि एक छोटा बदल वर पाठवला. मंगळावर नवीन रॅम पाठवण्याची सोय नव्हती, हे एका अर्थी बरंच झालं.

घरी हीच पद्धत वापरता येते. आवाज हमखास तुटतो असा गाण्याचा दोन मिनिटांचा तुकडा निवडायचा. मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि तोच तुकडा पुन्हा वाजवायचा. वायफाय बंद करून पाहा. चार्जर लावून, विजेची बचत बंद करून पाहा. इंटरफेस हबमधून काढून थेट लॅपटॉपला जोडा, केबल बदला. विंडोजवर ‘लेटन्सीमॉन’ नावाचं साधन आहे. कोणत्या ड्रायव्हरने किती वेळ अडवलं ते ते सांगतं. सुरुवातीला सगळं ठीक आणि वीस मिनिटांनी खरखर, असं असेल तर उष्णतेचा संशय घ्या. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. मे महिन्यातलं नागपूर आणि गादीवर ठेवलेला लॅपटॉप एकत्र आले की दुसरं कारण शोधायला नको. हे प्रयोग करताना हेडफोनचा आवाज मात्र कमी ठेवा. ड्रायव्हर अडखळला की कधीकधी कानठळी बसेल असा स्फोटक आवाज येतो.

बफर वाढवणं हा सोपा उपाय आहे, पण त्याची किंमत गायक मोजतो. १०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे २१ मिलिसेकंद, आणि तो जाता-येता दोन्ही वेळा लागतो. आपला आवाज आपल्याला हाडांमधून ताबडतोब ऐकू येतो. हेडफोनमधून तोच उशिरा आला की लय डळमळते. म्हणून मिक्सिंग करताना बफर मोठा आणि गाताना लहान ठेवावा. बऱ्याच इंटरफेसवर माइकचा आवाज संगणकात न नेता थेट हेडफोनला देणारं बटण असतं. ते दाबलं तर हा त्रास उरतच नाही.

सॉफ्टवेअर बंद पडणं हा मात्र वेगळा रोग आहे. तिथे वेळ चुकलेली नसते, काहीतरी मोडलेलं असतं. बहुधा एखादं प्लगइन. अशी ६४ प्लगइन्स असतील तर एकेक तपासू नका. निम्मी बाजूला काढा. बिघाड राहिला तर गुन्हेगार उरलेल्यांत, गेला तर काढलेल्यांत. सहा फेऱ्यांत एकावर बोट ठेवता येतं, अर्थात गुन्हेगार एकच असेल आणि बिघाड मागाल तेव्हा घडत असेल तर. दर वेळी वेगळ्याच ठिकाणी आणि वेगळ्याच कामात कोसळत असेल, तर ‘मेमटेस्ट८६’ रात्रभर चालवून रॅम तपासावी. विंडोजमधला ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ आणि मॅकवरचं ‘कन्सोल’ यांत कोसळण्याच्या नोंदी असतात. तिथे ज्याचं नाव येतं तो कधीकधी पडलेला असतो, ढकलणारा दुसराच. तरीही दिशा कळते, आणि फॉरमॅट मारल्यावर नेमक्या याच नोंदी जातात.

नवीन यंत्र कधीच लागत नाही, असं मी म्हणत नाही. एकेक ट्रॅक वाढवला तसतशी खरखर वाढते आणि काही ट्रॅक ‘फ्रीझ’ केले की थांबते, असं दिसलं तर प्रोसेसर खरोखरच अपुरा पडतो आहे. वाद्यांचे मोठे नमुनेसंच जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर असतील तर एसएसडीने मोठा फरक पडतो. माझी तक्रार सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांबद्दलही आहे. पडद्यावर एक लाल पट्टी आणि ‘ओव्हरलोड’ हा एक शब्द, एवढ्यावर ते ग्राहकाची बोळवण करतात. कोणत्या प्लगइनने उशीर केला, किती केला, हे बहुतेक वेळा त्यांच्या प्रोग्रॅमला मोजता येतं. ते दाखवायला हवं. तोवर दुकानात जाताना तो दोन मिनिटांचा तुकडा सोबत न्या आणि दुरुस्तीच्या आधी एकदा, नंतर एकदा समोर वाजवून घ्या.