साखरेवरचा ठपका आणि रुग्णालयातील जिवाणू

उपचारांसाठी रुग्णालयात दाखल व्हावे आणि तेथेच नवा आजार जडावा, असे दुर्दैव क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हा जिवाणू अनेकांवर ओढवतो. प्रतिजैविकांमुळे आतड्यातील उपकारक जिवाणू नष्ट झाले की तो फोफावतो आणि तीव्र अतिसार होतो. वृद्धांच्या तर तो जिवावर बेततो. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी त्याच्या ०२७ या वाणाने उत्तर अमेरिका व युरोपातील रुग्णालयांत थैमान घातले.

अमेरिकेतील बेलर वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये या उद्रेकासंदर्भात ट्रेहॅलोज या साखरेकडे बोट दाखवले. आळंबी व यीस्टमध्ये ती निसर्गतःच असते. स्टार्चपासून ती स्वस्तात बनवण्याची पद्धत जपानमध्ये विकसित झाली आणि २००० मध्ये अमेरिकेत, तर २००१ मध्ये युरोपात खाद्यपदार्थांत तिच्या वापराचा मार्ग मोकळा झाला.

साखर पचवण्याची विकरे जिवाणू सदैव तयार ठेवत नाहीत. संबंधित जनुकावर एक प्रथिन कुलपासारखे बसलेले असते. साखर आली की ते दूर होते. जाकोब आणि मोनो यांनी १९६१ मध्ये हे तत्त्व मांडले. ०२७ वाणात या कुलपातील एकच अमिनो आम्ल बदललेले आहे. त्यामुळे इतर वाणांना लागते त्याच्या सुमारे पाचशेव्या हिश्श्याइतके ट्रेहॅलोजही त्याला पुरते. ही साखर दिलेले, या वाणाने बाधित उंदीर अधिक संख्येने दगावले.

आरोप सबळ वाटला, तरी तो रुग्णांच्या बाबतीत टिकला नाही. हे जनुकीय बदल साथ न पसरवणाऱ्या वाणांतही आढळतात आणि त्यांच्यामुळे रुग्णांची प्रकृती अधिक बिघडते असे दिसत नाही, हे २०१९ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी दाखवले. उलट, इंग्लंडमध्ये फ्लुरोक्विनोलोन गटातील प्रतिजैविकांचा वापर आवरल्यावर या औषधांना न जुमानणाऱ्या वाणांचा संसर्ग झपाट्याने घटल्याचे २०१७ च्या अभ्यासात नोंदवले गेले होते.

म्हणून ट्रेहॅलोजच्या वादातून दोन बोध घ्यावे लागतील. माणसाला निरुपद्रवी असलेला खाद्यघटक आतड्यातील जिवाणूंनाही तसाच असेल, हे गृहीत धरता येत नाही; मान्यतेपूर्वी ते तपासले पाहिजे. मात्र साखरेला दोष देऊन रुग्णालयांची जबाबदारी संपत नाही. या जिवाणूचे बीजाणू अल्कोहोलयुक्त द्रावणाने मरत नाहीत. हात साबण-पाण्यानेच धुवावे लागतात. प्रतिजैविकांबाबत संयम आणि काटेकोर स्वच्छता, हेच आजही रुग्णाचे खरे संरक्षण आहे.