राहणार कुठे?

घटस्फोट म्हटला की आपल्याकडे प्रश्न ठरलेले असतात. का झाला? मुलं कुणाकडे? पोटगी किती? 'आता राहणार कुठे?' हे सहसा कुणी विचारत नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत असतं. माहेरी!

माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत हे उत्तर चालत नाही. (तिला विचारूनच लिहितोय. गाव सांगत नाही, आपल्या अलिबाग-मुरूड पट्ट्यातलंच समजा. नातेवाईक मंडळींनी ओळखलं तरी फोन करू नयेत.) ताईला लहानपणापासून एक पाय नाही म्हटलं तरी चालेल, आणि आता पन्नाशीत कुबड्यांवरचे हातही दुखतात. तिचं माहेर म्हणजे आपल्याकडचं जुनं जांभ्याचं घर. उंच जोतं, ओटीला पायऱ्या, माजघरात उंबरठे, आणि संडास मागे वाडीत, नारळी-पोफळीच्या चिखलातून जायचं. सासरच्या घरात मात्र तिने वीस वर्षांत एकेक गोष्ट करून घेतली होती. पायऱ्यांशेजारी उतार, न्हाणीत लोखंडी दांडा, कमोड, हाताला येईल असा ओटा. पैसे बरेचसे तिच्या शिवणकामाचे. पावती एकाचीही नाही.

ती मला म्हणाली, "अरे, मला त्याचं घर नकोय. मला तो न्हाणीतला दांडा हवाय."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. कारण आपला कायदा बरोब्बर इथेच गप्प बसतो. आपल्याकडे लग्नानंतर जमवलेली मालमत्ता नवरा-बायकोची सामाईक, असं काही नाही. ज्याच्या नावावर घर, त्याचं घर. घटस्फोटात बायकोला मालमत्तेत वाटा देण्याची तरतूद असलेलं विधेयक २०१० साली आलं, २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूरही झालं, आणि २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपली तेव्हा तेही संपलं. मग आपण सगळे ते विसरलो.

राहण्याचा हक्क थोडाफार आहे तो २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ फार आखडून लावला होता: घर सासूच्या नावावर असेल तर सुनेचा तिथे राहण्याचा हक्क नाही. तो अर्थ चुकीचा होता हे त्याच न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितलं. आपल्याकडे घरं बहुतेक सासऱ्याच्या नाहीतर आजेसासऱ्याच्या नावावर, तेव्हा हा निकाल आपल्यासाठी मोठाच. पण हा हक्क राहण्याचा, मालकीचा नाही. आणि त्या कायद्याखाली न्यायालयाचा आदेश हवा तर हिंसाचार दाखवावा लागतो. ताईला कुणी मारलं नाही. तिला फक्त नकोशी केली.

त्या कायद्यात कलम १९ मध्ये एक ओळ आहे. न्यायालय नवऱ्याला सांगू शकतं की हिला आधीच्या घराच्याच दर्जाची दुसरी जागा दे, नाहीतर तशा जागेचं भाडं दे. 'दर्जा' म्हणजे आपण काय समजतो? किती खोल्या, कुठली वस्ती, फरशी कसली. माझं म्हणणं असं की कुबड्यांवर चालणाऱ्या बाईसाठी दर्जा म्हणजे दाराची रुंदी, पायऱ्यांची संख्या आणि संडास कुठे आहे ते. तीन खोल्यांचा पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट तिच्यासाठी एका खोलीपेक्षा खालच्या दर्जाचा. वकिलांनी हा मुद्दा मांडायला हवा. कायद्याच्या शब्दांना त्यासाठी ताणावंही लागत नाही.

पैशाचं म्हणाल तर नोव्हेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोटगी ठरवताना गंभीर अपंगत्व आणि त्याचा नेहमीचा खर्च विचारात घ्या असं स्पष्ट लिहिलंय, दोघांनीही मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यायचं असंही. सरकारकडून संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना २०२५ पासून महिना अडीच हजार. त्यात भाडं भरायचं की औषधं आणायची, ते आपणच ठरवायचं.

आता दुसरी बाजू. अपंग नवरा असेल तर? हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ आणि २५ मध्ये पोटगी दोघांपैकी कुणीही मागू शकतो. कल्याणच्या न्यायालयाने मार्च २०२० मध्ये आजारपणामुळे कमावू न शकणाऱ्या नवऱ्याला बायकोने महिना दहा हजार द्यावेत असा आदेश दिला, आणि एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो कायम केला. बायको म्हणत होती, माझ्यावर घराचं कर्ज आहे, मूल आहे. मला तिचंही पटतं! वर्षानुवर्षं सेवा करून थकलेला माणूस बाहेर पडतो तेव्हा तो खलनायक असतोच असं नाही. पण म्हणून मागे राहिलेल्याने पायऱ्या चढून दाखवाव्यात का?

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक गंमत आहे. इथला नवरा कोर्टात सांगतो, "मला उत्पन्नच नाही." खोटंही नसतं. निसर्ग वादळाने ३ जून २०२० ला वाड्या झोपवल्या, माड-पोफळी पुन्हा उभ्या राहायला वर्षं लागतात. पण त्याच वाडीला मुंबईकर काय भाव देतात ते मी सांगायला नको. उत्पन्न शून्य आणि जमीन सोन्याची. अशा वेळी कलम २५ मधली एक सोय फारशी कुणी वापरताना मला दिसत नाही: कायमच्या पोटगीचा बोजा स्थावर मालमत्तेवर ठेवता येतो. सोसायटीच्या कर्जाचा बोजा सातबाऱ्याच्या इतर हक्कात दिसतो ना, तसाच. सातबाऱ्यावर चुलत्यांची पंधरा नावं असली तर गुंता आहे खरा, पण नवऱ्याचा हिस्सा तर त्यात असतो.

आणि नातेवाईकांनो, एक सांगतो, रागावू नका. घर बांधताना, दुरुस्त करताना बायकोचं नाव लावा. लग्न चांगलं चालू असतानाच. "अभद्र बोलतोस" असं एका काकांनी मला ऐकवलं. विम्याच्या फॉर्मवर वारसाचं नाव लिहिताना त्यांना अभद्र वाटलं नव्हतं.

वकील परवडत नाही म्हणून ताई दोन वर्षं थांबली होती. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना आणि अपंगांना, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. ती दोन्ही आहे. अलिबागला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज दिला आणि वकीलबाई मिळाल्या. त्यांनी अर्जात पोटगीचा बोजा मागितलाय, आणि घरात काय काय करून घेतलं होतं त्याची यादी फोटोंसकट जोडलीय. दांड्याचाही फोटो आहे. पुढची तारीख गणपतीनंतरची.