चारचाकीचे टायर घेताना



या सदरात आपण बियाणे, खते, फवारणी यांविषयी बोलत असतो. आज जरा वेगळी वाट धरतो. कारणही तसेच घडले.

गेल्या आठवड्यात एका गावी खरीपपूर्व सभा होती. सभा संपली, चहा झाला आणि मंडळी पांगली. तेवढ्यात एक वयस्कर शेतकरी मला बाजूला घेऊन गेले. गावात त्यांना सगळे नाना म्हणतात. नाना म्हणाले, “साहेब, शेतीचं नाही, गाडीचं विचारायचंय. टायर गुळगुळीत झालेत. दुकानदार चार टायरचे अठरा हजार सांगतो. एक जण वापरलेले चार आठ हजारांत देतो म्हणतो. लेक पहिल्या बाळंतपणाला आलीय, आषाढात दिवस भरतात. दवाखाना पन्नास किलोमीटरवर. बियाण्याचे पैसे बाजूला काढलेत, ते मोडू का?”

हा प्रश्न नुसता टायरचा नव्हता. ऐन पावसात, कदाचित रात्री, त्या गाडीत लेक बसणार होती. मी म्हटले, “नाना, बियाण्याचे पैसे मोडू नका आणि वापरलेले टायरही घेऊ नका. उद्या गाडी घेऊन तालुक्याला या. आपण बसून पाहू.”

हल्ली गावोगावी लहान चारचाकी आली आहे. बाजार, दवाखाना, सोयरीक, शाळा, सगळे तिच्यावर चालते. ट्रॅक्टरच्या टायरची पारख आपल्याला आहे, पण या लहान गाडीच्या टायरकडे आपण पंक्चर झाल्याशिवाय पाहत नाही. मीही पाहत नव्हतो.

माझी चूक

२०२३ च्या मे महिन्यात मी, सौ. आणि आई समृद्धी महामार्गाने शिर्डीला निघालो होतो. त्याआधी महिनाभर मी दोन नवे टायर घेतले होते. स्टिअरिंग पुढे असते म्हणून नवे दोन पुढे बसवले आणि जुने दोन मागे टाकले. जुन्यांवर नक्षी भरपूर होती, पण ते सात वर्षांचे होते. त्यात कोणीतरी सांगितले, उन्हाळ्यात हवा फुगते, चार पौंड कमी ठेवा. मी ऐकले. दुपारची वेळ, काँक्रीटचा तापलेला रस्ता, आणि मागचा डावा टायर बंदुकीच्या बारासारखा फुटला. गाडीची मागची बाजू एकदम फेकली गेली. शेजारी दुसरे वाहन नव्हते म्हणून वाचलो. आई बराच वेळ काही बोलली नाही. सौ. एवढेच म्हणाली, “अहो, बियाण्याच्या पिशवीवरची तारीख लोकांना वाचायला शिकवता, टायरवरची नाही का वाचता येत?”

त्या दिवसापासून मी वाचायला लागलो. जे शिकलो ते पुढे देत आहे.

टायर कधी बदलावा?

टायरच्या खाचांमध्ये जागोजागी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आली की टायरचे आयुष्य संपले. ही खूण १.६ मि.मी. ची असते आणि मोटारीच्या टायरला कायद्यानेही किमान तेवढी खाच लागते. खाचेचे काम रस्त्यावरचे पाणी बाजूला सारण्याचे. शेतात चर नसेल तर पाणी तुंबते, तसे खाच नसेल तर पाणी टायरखालीच राहते. मग टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगतो आणि ब्रेक दाबूनही गाडी थांबत नाही. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर ३ मि.मी. पेक्षा कमी खाच असेल तर नव्या टायरच्या तयारीला लागावे.

दुसरी गोष्ट वयाची. शहरातल्या गाडीचा टायर झिजून संपतो, खेड्यातल्या गाडीचा बऱ्याचदा उभ्या उभ्या म्हातारा होतो. आठवड्यातून एकदा बाजार, बाकी दिवस अंगणात उन्हात उभी. ऊन आणि हवा लागून रबर कडक होते आणि बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा पडतात. सहा वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा. दहा वर्षे झाली की नक्षी कितीही दिसो, तो काढावा. बाजूला फुगवटा आला असेल किंवा आतले धागे दिसत असतील तर एक दिवसही थांबू नये.

टायर झिजतो कसा, तेही पाहा

पानाचा रंग पाहून आपण पिकाचे दुखणे ओळखतो. खालची पाने पिवळी पडली तर नत्र कमी, कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या तर लोह कमी. टायरही असेच सांगतो. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी पडत होती. फक्त मधला पट्टा झिजला तर हवा जास्त होती. एकच कड झिजली तर चाकांचे अलाइनमेंट बिघडले आहे. ठिकठिकाणी चट्टे पडले तर बॅलन्सिंग किंवा शॉकअॅब्सॉर्बर पाहावा. दुखणे तसेच ठेवून नवे टायर घातले तर तेही त्याच वाटेने जातील. आधी माती परीक्षण, मग खत, तसेच हे आहे.

आकडे कसे वाचावेत?

टायरच्या बाजूला इंग्रजीत मजकूर असतो. समजा त्यावर १६५/८० आर १४ ८५ टी असे आहे. १६५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मि.मी. आर म्हणजे रेडियल. १४ म्हणजे रिम १४ इंची. ८५ हा वजनाचा सांकेतिक आकडा आहे. असा टायर ५१५ किलो भार पेलतो. टी म्हणजे ताशी १९० कि.मी. पर्यंतच्या वेगासाठी बनवलेला.

गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात आणि चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर योग्य माप दिलेले असते. तेच माप घ्यावे. वजनाचा आकडा त्याहून कमी कधीच नको. आपण गाडीत पाच माणसे बसवून वर डिकीत धान्याचे पोते टाकतो, हे दुकानात विसरू नये. तरुण मंडळींना रुंद टायरची हौस असते. रुंद टायरने गाडी शोभते खरी, पण तेल जास्त पिते आणि वळताना टायर घासण्याची शक्यता असते. बुटक्या भिंतीच्या टायरने खड्ड्याचा मार थेट रिमला बसतो. आपल्या रस्त्यांना उंच भिंतीचा, कंपनीने दिलेल्या मापाचा टायरच बरा.

तारीख आणि शिक्का

टायरवर शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. १०२५ असेल तर टायर २०२५ सालच्या दहाव्या आठवड्यात तयार झाला. कधी कधी हे आकडे एकाच बाजूला असतात, म्हणून बसवण्याआधी टायर उलटून पाहावा. काही महिन्यांपूर्वीचा टायर चालतो. दोन-तीन वर्षे दुकानात पडलेला असेल तर दुसरा मागावा. त्यात संकोच नको. आय.एस.आय. चा शिक्का पाहावा, पक्की पावती घ्यावी आणि तीवर टायरचा नंबर लिहून घ्यावा. बियाण्याची पिशवी आणि पावती पीक हाती येईपर्यंत जपा असे मी नेहमी सांगतो. तेच इथे.

वापरलेल्या टायरविषयी विचाराल तर घरच्या सोयाबीनचे उदाहरण देतो. शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून सत्तर उगवले तरच आपण ते बियाणे पेरतो. वापरलेल्या टायरची अशी परीक्षा घरी करता येत नाही. तो कमी हवेवर किती पळाला, आतून कुठे दुखावला, हे वरून दिसत नाही. वरून काळा रंग मारला की तो नवा दिसतो एवढेच. ट्रकला रबर चढवलेले टायर चालवतात, म्हणून आपल्या लहान गाडीलाही ते घालावेत असे नाही.

दोनच घेतले तर कुठे बसवावेत?

एकाच वेळी चार घेणे उत्तम. पण हात आखडता असेल तर दोन घ्यावेत, एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे, आणि ते मागे बसवावेत. पुष्कळ कारागीर पुढे बसवा म्हणतात. पुढचे टायर ओल्यात घसरले तर गाडी वळणावर सरळ जाऊ पाहते. हे चालकाला लगेच जाणवते आणि वेग कमी करून सावरता येते. मागचे घसरले तर गाडी गर्रकन फिरते आणि सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून चांगली पकड मागे हवी. अर्थात पुढच्यांना खाच पुरेशी असली पाहिजे, गुळगुळीत टायर पुढेही नको.

नवा टायर बसवताना व्हॉल्व्ह नवा घालावा, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्यावे. पहिले दोन-तीनशे किलोमीटर गाडी जपून चालवावी.

हवा

उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी हा समज सोडून द्यावा. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि त्यानेच टायर तापतो. माझा टायर त्यानेच गेला. हवा सकाळी, गाडी फार चालण्याआधी, थंड टायरमध्ये भरावी. दाराच्या पट्टीवर जो आकडा असेल तोच ठेवावा. भरल्या गाडीसाठी वेगळा आकडा दिला असेल तर प्रवासाआधी तेवढी भरावी. ट्रॅक्टरच्या मोठ्या टायरच्या अंदाजाने लहान गाडीत हवा भरू नये, दोघांचे गणित निराळे. नायट्रोजन भरला तर वाईट नाही, पण त्यासाठी अडून बसू नये. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. महिन्यातून एकदा तपासणी पुरे, मात्र स्टेपनी विसरू नये. डिझेल, ग्रीस टायरला लागू देऊ नये आणि गाडी शक्यतो सावलीत लावावी.

नानांचे काय झाले?

दुसऱ्या दिवशी नाना गाडी घेऊन आले. पाहिले तर चारही टायर गेलेले नव्हते. पुढचे दोन खुणेपर्यंत झिजले होते, तेही आतल्या कडेने जास्त. म्हणजे अलाइनमेंट बिघडले होते. मागचे दोन चार वर्षांचे, पण खाच चांगली ४ मि.मी., भेगा नाहीत. मग असे केले. मागचे दोन पुढे घेतले, नवे दोन मागे बसवले, अलाइनमेंट करून घेतले. कारागीर म्हणाला, “साहेब, नवे पुढे लावतात.” मी त्याला समृद्धीची हकीकत सांगितली. स्टेपनी काढली तर तिच्यात जेमतेम दहा पौंड हवा. नाना ओशाळून हसले आणि म्हणाले, “रात्री पंक्चर झालं असतं तर हिला घेऊन मी रस्त्यातच बसलो असतो.”

खर्च नऊ हजार आणि वर अलाइनमेंट, बॅलन्सिंगचे. तो त्यांनी दुधाच्या पगारातून भागवला. बियाण्याचे पैसे तसेच राहिले. पुढचे दोन टायर सोयाबीन विकल्यावर घ्यायचे ठरले आहे.

तेव्हा बंधू-भगिनींनो, पेरणीची गडबड सुरू होण्याआधी एक सकाळ गाडीसाठी काढा. चारही टायर आणि स्टेपनी हाताने चाचपा, खाच पाहा, तारीख वाचा, हवा भरा. हे काम घरातल्या मुलामुलींकडून करून घेतले तर उत्तमच, त्यांना आकडे आपल्यापेक्षा लवकर दिसतात. माल भरलेल्या गाडीचे चाक फुटले तर नुकसान मालाचे होते. या गाडीत तर आपलीच माणसे बसतात.

पुढील अंकी घरच्या घरी बीजप्रक्रिया कशी करावी ते पाहू.